सुपाचं सोंग

“तू का हसलीस?” असं सृष्टीने विचारलं तेव्हा स्कूटर मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभी होती. विचारताना तिने मान वळवली नाही, आरशातसुद्धा बघितलं नाही. समोरच्या बसच्या पाठीकडे बघत तिने प्रश्न टाकला. मागे बसलेल्या ललिताच्या मांडीवर नव्या साडीची पिशवी होती आणि पिशवीच्या बंदाचा बोटावर वळ उठला होता. “कधी?” तिने विचारलं. कधी ते तिला पक्कं ठाऊक होतं. “पेढ्याच्या वेळी,” सृष्टी म्हणाली. मग सिग्नल सुटला, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर हात ठेवला आणि बोलणं तिथंच राहिलं. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी रोजच्यासारखीच गाड्यांची रांग लागली होती. त्या रांगेत धूर खात, लेकीच्या पाठीकडे बघत ललिताला वाटलं, हिने भांडावं, चार शब्द सुनवावेत, म्हणजे आपल्यालाही चार शब्द बोलता येतील. पण पाठ काही बोलेना. एकोणीस वर्षांच्या पोरीची पाठ, तिच्यावर सॅक आणि सॅकला लटकवलेला एक कापडी ससा. गाडी खड्ड्यातून गेली की तो ससा तेवढा मान हलवायचा.

घडलं होतं ते सांगायला गेलं तर काहीच नव्हतं. गंगापूर रोडवरच्या ज्या कॉलेजात ललिता भोये वीस-बावीस वर्षं मराठी शिकवत होती, तिथं तिला उपप्राचार्य केल्याचं दुपारी जाहीर झालं. स्टाफरूममध्ये पेढे आले. आईला साडी घ्यायला घेऊन जायचं म्हणून सृष्टी आली होती, ती दारातच थांबली. पेढ्यांचा बॉक्स यादव सरांनी आपल्या हातात घेतला. यादव सर शिकवायचे इतिहास, पण कॉलेजात त्यांची ओळख सूत्रसंचालक म्हणूनच. स्नेहसंमेलन असो की शोकसभा, माईक त्यांच्याकडे. ते नुसते उभे राहिले तरी लोक तोंडं हसरी करून ठेवत. “घ्या, घ्या,” सर म्हणाले, “कोट्यातला पेढा आहे. ओपनवाल्यांना मिळतोय तोवर खाऊन घ्या.” स्टाफरूम हसली. सर लगेच ललिताकडे वळले आणि छातीवर हात ठेवून, मान तिरकी करून म्हणाले, “मॅडम, मस्करी केली हां.” आणि ललिता हसली. सगळ्यांच्या आधी नाही, पण सगळ्यांपेक्षा जरा जास्त वेळ हसली. बाकीचे पेढ्याकडे वळले तरी ती हसतच होती, आणि हसता हसता तिचं लक्ष दाराकडे गेलं होतं.

घरी आल्यावर ती मेथी निवडायला बसली. निवडताना तिच्या लक्षात आलं की ते हसू अजून आपल्या गालांत आहे. दाढ काढून आल्यावर गाल आपला नसल्यासारखा वाटतो तसं काहीतरी. तिने ते हसू मनातल्या मनात पुन्हा करून बघितलं. आधी गाल वर जातात, मग डोळे बारीक होतात, मान थोडी मागे जाते आणि घशातून तो आवाज येतो. हे सगळं विचाराच्या आधी होतं. ताटलीवरून वाटी घसरली की हात आपोआप पुढे जातो, तसं. कुणी शिकवलं आपल्याला हे? सुनीलला, नवऱ्याला, तिने चहा देताना सांगून बघितलं. तो म्हणाला, “यादवांचा स्वभावच तसा आहे गं. मनावर काय घेतेस?” त्यात खोटं काहीच नव्हतं. स्वभाव तसाच होता आणि मनावर घेणारीही तीच होती. बोलणाऱ्याचा स्वभाव आणि ऐकणाऱ्याचं मन, आपल्याकडे वाटणी अशीच असते, असं तिला वाटलं, आणि तिने मेथीची एक चांगली काडी कचऱ्यात टाकली.

मस्करी. हा शब्द आता तिला सोडेना. मराठीच्या मास्तरणीचा हाच शाप. दुसऱ्याला शब्द लागतो आणि विसरतो, हिला तो लागला की त्याचं मूळ खणत बसायचं. मराठीत या कामाला शब्दांची वानवा नाही. थट्टा आहे, टिंगल आहे, टवाळी, खिल्ली, फिरकी आहे. विनोद म्हणजे मुळात दूर ढकलणं, घालवून देणं. चेष्टा म्हणजे नुसती हालचाल. संस्कृतात माणूस मेला की त्याची चेष्टा थांबते, मराठीत तशी काही खात्री नाही, असं ती वर्गात म्हणायची आणि मुलं हसायची. मस्करी आली अरबीतून, फारसीच्या वाटेने. मस्खरा म्हणजे लोक ज्याला हसतात तो, तोंड रंगवून दरबारात उड्या मारणारा. युरोपातला मुखवट्याचा शब्द, मास्क, तोही तिथूनच गेला असं काही पंडित म्हणतात, काही नाही म्हणतात, आणि मुली पापण्यांना लावतात तो मस्कारा त्याच्याच भावकीतला असावा असं ती सांगायची तेव्हा मागच्या बाकावरच्या मुली पापण्या फडफडवून दाखवायच्या. संस्कृतात आणखी एक मस्करी आहे, बांबूची काठी घेऊन गावोगाव फिरणारा संन्यासी. त्याचा याच्याशी संबंध नाही, आडनाव तेवढं एक. तास संपताना ती एक वाक्य नेहमी टाकायची, “शब्द कुठून आला ते कोशात सापडतं, कुठं जाऊन लागतो ते सापडत नाही.” या वाक्यावर ती आजवर खूश होती. आज ते तिला शाळकरी निबंधातल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मुलांना मुळं दाखवली, आणि आपल्याला साधं हे माहीत नाही की मस्करी झाली की नाही हे ठरवतं कोण. करणारा म्हणाला झाली, की झाली?

त्यातून यादव सर वाईट असते तर बरं झालं असतं. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं, आणि ललिताला त्या संध्याकाळी काहीतरी सोपं हवं होतं. पण तीन वर्षांपूर्वी सुनील द्वारका चौकाजवळच्या त्याच्या ऑफिसात छातीत कळ येऊन पडला तेव्हा चालू तास सोडून गाडी काढली ती यादव सरांनीच. द्वारकेच्या चौकात गाड्या अशा अडकल्या होत्या की पुढचं मागे आणि मागचं पुढे जाईना. ललिताच्या हातात फोन होता आणि फोनवर कुणीच काही धड सांगत नव्हतं. त्या कोंडीत सर एकसारखे बोलत होते. ट्रकवाल्यावर, ट्रॅफिक पोलिसाच्या पोटावर, स्वतःच्या टकलावर, स्वतःच्या सासऱ्यावर. ती एकदा हसलीसुद्धा. नवरा तिकडे मरतोय की जगतोय ठाऊक नाही आणि ही हसली, आणि त्या हसण्याच्या आधारानेच ती हॉस्पिटलच्या पायऱ्या चढू शकली. फक्त एकदा, ती खिडकीबाहेर बघतेय असं समजून सर बोलायचे थांबले होते आणि तिने काचेत त्यांचा चेहरा बघितला होता. घाबरलेला, थकलेला, डोळ्यांखाली काळं असलेला एक साधा माणूस. तिने मान वळवताच तो चेहरा गेला आणि पुढचा विनोद आला. हे उपकार ती विसरली नव्हती. पण उपकार एकीकडे ठेवले तरी दुसरीकडे आता एक एक आठवत होतं. रुजू झाली त्या वर्षी, “मॅडम, तुमच्याकडे उंदीर खातात म्हणे, खरं का? मस्करी केली हां.” सहलीला, “वाट चुकलो तर घाबरू नका, मॅडम वास काढत नेतील.” पीएचडी झाली तेव्हा, “आता डॉक्टर आणि वैदू दोन्ही एकातच.” प्रत्येक वेळी छातीवर हात, तिरकी मान, आणि प्रत्येक वेळी हिने गाल वर करून मूठभर हसू टाकलेलं. मूठभर, हा शब्द मनात आला आणि मेथीच्या जुडीवर तिचा हात थांबला. तिच्या डोळ्यांपुढे एक सूप आलं.

पेठच्या पुढे, डोंगराच्या कुशीत तिचं माहेर. तिथं चैत्रात बोहाडा व्हायचा. देवांची, राक्षसांची सोंगं लाकडी मुखवटे बांधून रात्रभर नाचायची, आणि ती सगळी दमून झोपली की सकाळी, उन्हं अंगणात आल्यावर, एकच सोंग निघायचं. त्याला गावात सुपाचं सोंग म्हणत. ते ललिताच्या घराकडे होतं. तिचा बा, झिपरू, ते घ्यायचा. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा मुखवटा, एक गाल सुजलेला, तोंड कानापर्यंत फाटलेलं, आणि हातात सूप. हे सोंग घरोघर जायचं आणि प्रत्येक दारात त्या घराची एक मस्करी करायचं. चिकट असेल त्याच्या चिकटपणाची, दारूड्याच्या दारूची, पाटलाच्या पागोट्याची. रागवायचं कुणी नाही. मात्र नियम दोन होते. पहिली मस्करी स्वतःच्या दारात, स्वतःच्या घराची. आणि मस्करी झाली की सोंगाने सूप पुढे धरायचं. दारातल्या माणसाने मूठभर नागली, म्हणजे नाचणी, सुपात टाकली तर मस्करी पोचली, सोंग नाचत पुढे. नाही टाकली, मूठ मिटलेलीच ठेवली, तर सोंगाने तिथंच उंबऱ्यापाशी मुखवटा उतरवायचा आणि उघड्या तोंडाने उभं राहायचं. त्या घरचं कुणी पाणी देईल तोवर. पाणी प्यायल्याशिवाय पुढचं दार नाही. म्हणजे मस्करी झाली की नाही हे सोंग ठरवत नसे, दारातली मूठ ठरवत असे. अख्ख्या लहानपणात ललिताने अशी मूठ एकदाच मिटलेली बघितली, आणि ती तिच्या आईची होती.

ती तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. तिच्या पाठची दोन बाळं आईने पुरली होती, दुसरं त्याच हिवाळ्यात. बा मुखवटा बांधून स्वतःच्या अंगणात आला. मागे गाव. सोंगाच्या घोगऱ्या आवाजात तो ओरडला, “ह्या घरी काय मागू रं? ह्या बाईच्या वावरात पीक धरत नाय. एक कणीस आलं, तेबी दुसऱ्याच्या खळ्यात जायाचं.” गाव हसलं. कणीस म्हणजे आपण हे ललिताला कळलं, आणि एवढ्या लोकांत बाने आपलं नाव काढलं म्हणून तीही हसली. टाळ्या पिटून हसली. तेव्हा दारात उभ्या असलेल्या आईने तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग सूप पुढे आलं आणि आईची मूठ उघडली नाही. बाला आधी वाटलं ती विसरली. त्याने सूप हलवलं. मग हळूहळू हसू विझत गेलं, मागचं आधी, पुढचं नंतर, आणि बाने मुखवटा काढला. ललिता घाबरली ती तेव्हा. मुखवट्याची तिला भीती नव्हती, तो रोज माळ्यावर असायचा. ती घाबरली घामाने भिजलेल्या, दोरीचा वळ उमटलेल्या, कुठं बघावं ते न कळणाऱ्या बाच्या तोंडाला. ऊन डोक्यावर आलं तरी तो उभा होता. पुढचं तिला नीट आठवत नव्हतं. पाणी कधी दिलं, कुणी दिलं. पण नंतरच्या चैत्रात बाने स्वतःच्याच नाकाची मस्करी केली होती आणि आईने मूठ नव्हे, ओंजळ टाकली होती. बा जाऊन आता दहा वर्षं झाली. मुखवटा कुणाकडे आहे कोण जाणे.

आणि शनिवारी सत्कार होता. कॉलेजच्या सभागृहात, सगळ्या स्टाफसमोर, आणि सूत्रसंचालन अर्थातच यादव सरांचं. त्यासाठी आईला गावाहून बोलावलं होतं, पहिल्या रांगेत बसवायचं होतं. साडीच्या दुकानात जाईपर्यंत ललिताच्या डोळ्यांपुढे तेच चित्र होतं, की आई बघतेय आणि आपल्या गळ्यात हार पडतोय. आता चित्रात माईक आला. आईसमोर सर काहीतरी बोलणार, छातीवर हात ठेवणार, आणि आपण हसणार. सृष्टीने एकदा बघितलं ते झालं. आता एका बाजूला लेक आणि एका बाजूला आई बसून बघतील. दोघींच्या मध्ये आपलं ते हसू. नाही, आईने येऊ नये. यात आईचा अपमान वाचवायचा होता की स्वतःचं हसू लपवायचं होतं, हे तिने स्वतःला विचारलं नाही. तिने फोन लावला.

“शुक्रवारच्या गाडीनं येते,” आईने, वत्सलाबाईंनी, आधीच सांगून टाकलं. “पुंज्या फाट्यावर सोडील म्हनलाय.”

“आई, थंडी खूप आहे इकडे. तुझा गुडघा…”

“थंडी इकडं नाय का?”

“तसं नाही. हॉलमध्ये दोन-तीन तास बसायचं, नुसती भाषणं. तुला कंटाळा येईल. आपण नंतर घरीच करू काहीतरी, आपल्याआपल्यात.”

फोनमध्ये कोंबड्या ऐकू आल्या, आणि कुणीतरी लाकडं टाकल्याचा आवाज. “येऊ नको म्हनतेस का?” वत्सलाबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ घालू का, असं विचारावं तसं त्यांनी ते विचारलं, आणि त्यामुळेच ललिताला हो म्हणता येईना.

“नाही गं. ये. ये तू.”

“मंग मघापून थंडीचं काय लावलंयस?” आई म्हणाली आणि फोन ठेवला.

मधले दोन दिवस ललिता भुतासारखी वावरली. वर्गात शिकवताना फळ्याकडे तोंड केलं की तिला गाल चाचपावासा वाटे. स्टाफरूममध्ये यादव सर नेहमीसारखेच होते. एकदा त्यांनी चहा आणून दिला, एकदा सृष्टीच्या अभ्यासाची चौकशी केली. तिने मनात कितीतरी वाक्यं तयार केली. सर, मला ते आवडलं नाही. सर, शनिवारी आई येणार आहे, तेवढं जरा. ‘तेवढं जरा’च्या पुढे वाक्य जाईना. बोललं तर आपण आंबट ठरतो, मॅडमना पद मिळालं नि विनोदबुद्धी गेली असं म्हणतील, आणि गप्प बसलं तर सृष्टीची ती पाठ. जेवताना सृष्टी बोलायची, पण भाजीवर, परीक्षेवर, मैत्रिणीच्या लग्नावर. तो प्रश्न तिने पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं, असं ललिताला दर घासाला वाटायचं.

शुक्रवारी दुपारी वत्सलाबाई आल्या. पिशवीत नागलीचे पापड, तांदूळ, आणि काखेत त्यांची ती बाटली. कोल्ड्रिंकची जुनी बाटली आणि तिच्यावर गोणपाट शिवलेलं, उन्हाळा असो की हिवाळा, त्या वाटेत दुसरं पाणी पीत नसत. गॅलरीतल्या उन्हात पाय पसरून बसल्या, नातीने गुडघ्याला तेल लावून दिलं. नात आत गेल्यावर ललिता शेजारी बसली आणि न ठरवताच म्हणाली, “आई, एका साली तू बाच्या सुपात दाणा नव्हता टाकला.”

“नव्हता.” आईने कोणत्या साली ते विचारलं नाही.

“का? तो काय मनातून बोलला नव्हता. सोंगात होता. स्वतःच्या घराचं काहीतरी बोलायलाच लागतं.”

“सोंगात व्हता म्हनून तं. दाना टाकला असता तं दर साली तेच बोलला असता. नि गाव दर साली तेच हसलं असतं. मंग तेच खरं झालं असतं.”

खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा स्पीकर तीच तीच दोन वाक्यं म्हणत चालला होता. “म्हणजे कुणी हसवायला आलं तर मूठ झाकायची?” तिने विचारलं, आणि आपण वर्गातल्या पोरीसारखं विचारलं हे तिच्या लक्षात आलं.

“छ्या,” वत्सलाबाई म्हणाल्या. “द्यावा की दाना. हसवनारं मानूस लागतंच गावाला. सूप फिरलं नाय तं गाव कडू व्हतं. येक झाकायची आसती, बाकी द्यायच्या.” मग बराच वेळ त्या गुडघा चोळत राहिल्या. “पन पानी द्याया मी लय उशीर केला. उन्हात उभा व्हता तुझा बा, आन मी घरात बसून राह्यले. ते चुकलं माझं. मूठ झाकली ते नाय चुकलं.”

शनिवारी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत वत्सलाबाई हिरव्या लुगड्यात, मांडीवर बाटली, शेजारी सृष्टी, तिच्या पलीकडे सुनील. मंचावर ललिता नव्या साडीत, आणि साडीची नवी घडी तिला काट्यासारखी टोचत होती. हार पडला, शाल आली, पुष्पगुच्छ हातात आला. यादव सर बोलायला लागले, आणि खरं सांगायचं तर फार छान बोलले. ललिता मॅडमच्या तासाला दुसऱ्या वर्गातली मुलं कशी येऊन बसतात, परीक्षेच्या आदल्या दिवशी घरी फोन करणाऱ्या मुलाला त्या कशा वाचून दाखवतात, हे त्यांनी असं सांगितलं की तिचे डोळे भरून आले. यांना हे सगळं माहीत आहे? मग ते म्हणाले, “आज मॅडमच्या मातोश्री खास डोंगरातून आल्या आहेत. टाळ्या झाल्या पाहिजेत.” टाळ्या झाल्या. “वनखात्याची रीतसर परवानगी काढून आणलंय बरं का आम्ही त्यांना.”

सभागृह हसलं. मोठं, सैल, शनिवारच्या दुपारचं हसू. वत्सलाबाई हसल्या नाहीत. वनखातं म्हणजे काय हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. यादव सर ललिताकडे वळले. छातीवर हात, मान तिरकी. “मॅडम, मस्करी केली हां.”

गाल वर जायला निघाले. तिला ते कळलं, आणि कळलं म्हणूनच ते अर्ध्यात अडकले. पुष्पगुच्छाखाली तिचा उजवा हात होता, तो आपोआप मिटला. ती यादव सरांकडे बघत राहिली. रागाने नाही, राग असा नव्हताच. नुसती बघत राहिली. मागच्या रांगांतलं हसू आधी विझलं, मग मधलं. कुणीतरी खोकलं. सर अजून तसेच उभे होते, हात पुढे न करताही काहीतरी पुढे धरून उभं राहावं तसे. “मॅडम?” ते म्हणाले. “अहो, हसा की.”

“नाही सर,” ललिता म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला, पण निघाला.

यादव सरांचं हसू त्यांच्या तोंडावर थोडा वेळ एकटंच राहिलं. मग तेही गेलं. आणि त्याच्या खालून तो आला, द्वारकेच्या कोंडीत गाडीच्या काचेत दिसलेला चेहरा. थकलेला, डोळ्यांखाली काळं असलेला, कुठं बघावं ते न कळणारा. आता हसावं, आत्ताच्या आत्ता, या माणसाने आपल्याला एकदा पायऱ्या चढवल्या आहेत, एवढी एक मूठ टाकली तर काय जातं, असं ललिताला वाटलं. तिने पहिल्या रांगेकडे बघितलं. सृष्टी तिच्याकडेच बघत होती, तोंडावर हात ठेवून. शेजारची खुर्ची रिकामी होती.

वत्सलाबाई मंचाच्या पायऱ्या चढत होत्या. एक हात गुडघ्यावर, एक पाय वर, मग दुसरा त्याच्याशेजारी. कुणी मदतीला उठलं त्याला त्यांनी हातानेच बसवलं. लेकीकडे न बघता त्या तिच्या समोरून गेल्या आणि यादव सरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. गोणपाटाच्या बाटलीचं झाकण काढून त्यांनी बाटली पुढे धरली. “पानी घे, बाबा,” त्या म्हणाल्या.

सरांनी बाटलीकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं, आणि काही बोलायला तोंड उघडलं. त्यांनी बाटली घेतली. दुसऱ्या हातातला माईक चालूच होता, आणि पहिला घोट सगळ्या सभागृहात ऐकू आला, मग दुसरा. कुणी हसलं नाही.

“सावकाश पी,” वत्सलाबाई म्हणाल्या.

ललिताची मूठ अजून मिटलेलीच होती.